पिवळे व्याही

माणसाला खोटं बोलायचंच असेल तर त्याने वयाबद्दल बोलावं, पगाराबद्दल बोलावं, पण रंगाबद्दल बोलू नये. वयाचं एखादं वर्ष इकडचं तिकडे खपून जातं. पगार फुगला तर महागाई भत्ता धरून सांगितला म्हणता येतं. रंग मात्र दारात येऊन उभा राहिला की सगळ्यांना दिसतो. हे शहाणपण मनोहरराव भोयर या सरकारी हेडक्लार्कांना ऐंशी सालच्या पोळ्यात प्राप्त झालं, आणि त्याची किंमत त्यांच्या तोंडाला मोजावी लागली.

झालं असं, की त्यांच्या लतिकेसाठी कुहीच्या रुपराव तितरमाऱ्यांचं स्थळ आलं. मुलगा रविंद्र नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मॅनेजर. शेती घरची, मुलगा निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे मुलीने नोकरी केली तरी चालेल म्हणणारा. लतिका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि नोकरी सोडणार नाही हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. असं स्थळ पुन्हा कुठे मिळणार? निरोप घेऊन आले ते नानाजी. ते दोन्हीकडचे नातेवाईक, त्यामुळे जबाबदारी कुणाचीच घेत नसत.

"ते मारबतीच्या दिवशी येऊन राहिले," नानाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले. "मारबत बी पाहून होईन, पोरगी बी पाहून होईन. एकाच तिकिटात दोन कामं."

मारबत म्हणजे नागपूरचा जीव की प्राण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन थोरल्या मारबतींची, म्हणजे बायांच्या अवाढव्य पुतळ्यांची, मिरवणूक निघते. त्यांच्या मागे बडगे, म्हणजे वर्षभर ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे कागदी पुतळे. सगळे गावभर मिरवायचे आणि शेवटी जाळायचे, की गावाची पीडा टळली.

"काहूनजी?" गोपिकाबाई आतून कडाडल्या. "माह्या पोरीले का बडग्याच्या रांगेत उभी करता?"

नानाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. चपला घालताघालता त्यांना एक किरकोळ गोष्ट आठवली. "अन् पोराच्या आई, भागीरथाबाई, इचारत होत्या, पोरगी उजळ हाय ना?"

"हाय नं!" मनोहरराव म्हणाले.

तोंडातून शब्द सुटला आणि नानाजी फाटकातून सुटले. लतिका सावळी होती. चांगली ठसठशीत, बापासारखी सावळी. आणि बाप म्हणजे तव्याच्या जवळच्या नात्यातला. हे साऱ्या आळीला ठाऊक होतं, फक्त कुहीला ठाऊक नव्हतं.

आता शब्द दिला होता, तर मुलगी शब्दाप्रमाणे करून देणं आलं. सरकारी नोकरीत आधी अहवाल पाठवून मग काम करण्याची मनोहररावांना सवय होतीच. त्यांच्या घरामागे सुभेदारांची सून अरुंधती राहायची. ती मुंबईला मावशीकडे जाऊन कसलासा कोर्स करून आली होती आणि गॅलरीत जुन्या साडीचा पडदा लावून तिने सौंदर्य केंद्र उघडलं होतं. तिथे ब्लीच म्हणून एक प्रकार होता. डब्यातलं पांढरं मलम, त्यात पूड, ते तोंडाला फासायचं, की माणूस उजळ. चिरफाड नाही, टाका नाही, काही नाही.

"मी नाही करत," लतिका म्हणाली. "बाबूजी, त्यात अमोनिया असते. शाळेत त्याची बाटली उघडाची असली तं मी नाकाले रुमाल लावते."

"काही होत नाही वं. सारं जग करून राहिलं."

"मंग पहिले तुमी करा."

"मी?"

"हो. माहा रंग काही आकाशातून पडला नाही, तुमच्याकडूनच आला. दुरुस्ती तिथूनच सुरू करा. तुमचं तोंड उजळलं तं मी बसते."

शहाण्या बापाने इथे हसून विषय बदलला असता. पण मनोहरराव हट्टाला पेटले. सरकारी माणसाला आव्हान दिलं की तो आधी फाईल मागतो आणि ती नसली तर स्वतःचा मान पणाला लावतो. ते तडक उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि सौंदर्य केंद्रात जाऊन खुर्चीवर बसले. पडद्यामागच्या एका बाईने किंकाळी फोडली आणि ती अर्ध्या भुवईनिशी निघून गेली.

"काका, मिशीला तेल लावून कापसाने झाकू का?" अरुंधतीने विचारलं. तिच्या कोर्समध्ये मिशी हा धडा नव्हता.

मनोहररावांची मिशी काळीभोर, भरघोस. घरात त्यांचं काही चालो न चालो, मिशीचा दरारा होता. "मिशीले का होते?" ते म्हणाले. "बायामानसाचं औषध आहे, लाव बिनधास्त."

तिने लावलं. तोंड जरा चुरचुरलं, मग गार वाटलं, गॅलरीत वारा होता, आणि मनोहररावांना झोप लागली. तशी त्यांना खुर्चीत झोपण्याची अनेक वर्षांची सरकारी सवय होती. मलम उतरवायची वेळ झाली तेव्हा ते चांगले घोरत होते, आणि अरुंधतीपुढे पेच पडला. सुभेदारांच्या घराण्यात भोसल्यांच्या वेळेपासून वडीलधाऱ्याला झोपेतून कुणी उठवलेलं नव्हतं. सासरे झोपले तर दारावरचा पोस्टमनसुद्धा कुजबुजत बोले. तिने हळूच एकदा "काका" म्हणून पाहिलं, आणि मग ती अदबीने बाजूला बसून राहिली. तेवढ्यात शेजारच्या कांताबाई डोकावल्या.

"झोपू दे वं भाऊजीले," कांताबाई म्हणाल्या. "जितकं जास्त राहीन तितकं उजळीन."

मनोहरराव जागे झाले ते तोंडाची आग होऊन. तोंड धुतलं, आरसा हातात घेतला, आणि आरशातल्या इसमाला जागा द्यावी म्हणून ते चटकन बाजूला सरकले. तो इसमही सरकला. त्याची मिशी मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखी सोनेरी होती. भुवया सोनेरी होत्या. बाकी तोंड ठिकठिकाणी सोललेल्या गाजरासारखं लाल झालं होतं.

"उजळलंय मात्र, काका," अरुंधती चाचरत म्हणाली.

घरी गोपिकाबाईंनी दार उघडलं आणि "कोन पाहिजे?" असं विचारलं. मग आवाज ओळखीचा निघाल्यावर त्या उंबरठ्यावरच बसल्या आणि पोट धरून हसल्या. लतिका मात्र हसली नाही. तिने गार पाण्याची पट्टी आणि लोणी आणून बापाच्या तोंडाला लावलं. आपण चिडवलं म्हणून हे झालं असं तिला वाटत असावं. मनोहररावांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"तू नको बसू त्या खुर्चीत," ते म्हणाले.

"मंग पाहुण्याले काय सांगाल?"

मुलगी काही उजळणार नव्हती, दिलेला शब्द तसाच होता, निरोप बदलून न्यायला हवे ते नानाजी पोळ्याच्या बैलांसाठी गावी पोचले होते, आणि आता भरीला ही मिशी. ती उतरवून टाकावी हा सरळ उपाय. पण मनोहररावांचे वडील गावी ठणठणीत होते, आणि बाप जिता असताना मिशी काढणं म्हणजे बापाला जितेपणी पोचवणं. तेव्हा मिशीला हात लावायचा नाही, एवढं ठरलं.

सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता. कांताबाईंच्या मनात अपराधी भावना होती, आणि अशा भावनेतून माणूस जे उपाय सुचवतो ते फार जबर असतात. त्यांनी माहेरची हळद आणली. ही हळद अशी, की चिमूटभर टाकली तर वरणच काय, वाढणारी पिवळी व्हावी. साय आणि लिंबू घालून तिचा जाड लेप त्यांनी आपल्या हाताने दिला. सोललेल्या कातडीत ती हळद पक्की मुरली. सकाळी आग थांबली होती, कांताबाईंचा उपाय खरोखर लागू पडला होता, पण मनोहरराव कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळेजर्द झाले होते. त्यांनी कपड्यांचा साबण घेऊन खसखसून तोंड धुतलं, तर ते लालभडक झालं. घाबरून गोपिकाबाईंनी लिंबू चोळलं, तर पुन्हा पिवळं.

"आंबट लावलं की पिवळं, साबण लावला की लाल," लतिकाने समजावलं. "हळदीचा गुणच आहे. आता काही लावू नका बाबूजी, आपोआप उतरीन."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही पिवळा की शेंदरी ते ठरत नव्हतं. शेवटी पिवळा बरा म्हणून ते कचेरीत गेले. साहेबांनी मान वर केली आणि खुर्ची मागे ओढली.

"भोयर, तुम्हाला कावीळ झालीय! घरी जा!"

"नाही साहेब, हळद आहे."

"रोगी असंच म्हणतो. फिट सर्टिफिकेट आणल्याशिवाय हजेरीवर सही करायची नाही."

मनोहरराव सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, गालाला बोट लावून ते हुंगलं आणि कावीळ नाही म्हणून सांगितलं. तसं लिहून द्या म्हटल्यावर त्यांची अडचण झाली. बरं झाल्याचा दाखला देण्यासाठी माणूस आधी आजारी असल्याची नोंद लागते, आणि हा माणूस आजारीच नव्हता. "आधी रीतसर आजारी पडून या," ते म्हणाले. हा युक्तिवाद मनोहररावांना पूर्णपणे पटला. त्यांनी स्वतः असे कित्येक लोक परत पाठवले होते. फक्त तो ऐकायला कसा लागतो ते त्या दिवशी कळलं.

तोवर आळीत कावीळ पोचली होती. एकीने मुळ्याच्या पाल्याचा रस आणला, दुसरीने काविळीची माळ आणून गळ्यात घातली. ही माळ जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. मनोहररावांना कावीळ नसूनही माळ बेंबीपर्यंत लांबली, आणि गुण आला म्हणून आळीने समाधान व्यक्त केलं.

असं करताकरता पोळा झाला आणि मारबतीचा दिवस उजाडला. पाहुणे मिरवणूक पाहून मग घरी येणार होते, आणि बडकस चौकात त्यांना घ्यायला जायचं होतं. रुपरावांना तोंडाने ओळखणारे घरात एकटे मनोहरराव. आणि मुलीच्या बापाने सामोरं गेलं नाही तर तो अपमान कुहीत दोन पिढ्या चघळला गेला असता. पिवळा रंग थोडा फिका झाला होता, पण अजूनही तो ओळखू येत होता. मिशीला त्यांनी बुटाचं काळं पॉलिश लावलं, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळला, आणि ते निघाले.

भाद्रपदाचं ऊन, महाल भागातली गर्दी, ढोलताशे. दुपट्ट्याच्या आत मनोहरराव उकडून निघाले. पॉलिश वितळून हनुवटीपर्यंत ओघळलं. चौकात एका मंडळाची बैलगाडी अडून उभी होती. त्यांनी रॉकेलच्या काळ्याबाजाराचा उंच बडग्या केला होता, पण विजेच्या तारेत अडकून त्याचं मुंडकं मघाशीच तुटलं होतं, आणि बिनमुंडक्याचा काळाबाजार पाहून लोक हसत होते. तिथेच रेटारेटीत मनोहररावांचा दुपट्टा कुणाच्या तरी छत्रीत अडकला आणि छत्रीबरोबर निघून गेला.

"अबे, हे पाह्य!" मंडळाचा एक पोरगा ओरडला. "काय मेकअप आहे काका! एक नंबर! कोनत्या मंडळाचे?"

"मी मंडळाचा नाही. मी पाहुण्याले घ्यायले आलो."

"चला, चढा! आमचं मुंडकं तुटलं, तुमचं चांगलं आहे!"

चार हातांनी त्यांना उचललं आणि ते गाडीवर उभे राहिले. मनोहररावांनी दोन्ही हात हलवून आपल्या आयुष्यातली सगळी प्रतिष्ठा आवाजात गोळा केली. "सोडा मले! मी हेडक्लार्क आहे!"

मग एकच हशा उसळला. हेडक्लार्कचा बडग्या! वर्षानुवर्षं सगळं नागपूर ज्याची वाट पाहत होतं तो हा. रॉकेलची पाटी उलटी करून कुणीतरी तिच्यावर खडूने 'उद्या या' लिहिलं आणि ती त्यांच्या गळ्यात, काविळीच्या माळेवर, अडकवली.

"हे बरोबर नाही! माहा अपमान होऊन राहिला!" मनोहरराव ओरडले.

"काय अॅक्टिंग करते बापा!" एक म्हातारा कौतुकाने म्हणाला. "असाच बोलते तो मेला."

भोंगा हातात घेतलेला पुढारी गर्जला, "उद्या या म्हननाऱ्याले..." आणि गर्दीने एका दमात पूर्ण केलं, "घेऊन जाय गे मारबत!" महागाईले, घेऊन जाय गे मारबत! भेसळीले, घेऊन जाय गे मारबत! गाडी हलली. मनोहररावांनी बिनमुंडक्या काळ्याबाजाराला मिठी मारून तोल सावरला.

आणि तिथून, उंचावरून, त्यांना रुपराव दिसले. एका दुकानाच्या ओट्यावर, पांढऱ्या टोपीत, तोंड उघडं टाकून. शेजारी भागीरथाबाई असणार, शेजारी पांढरा बुशशर्ट घातलेला मुलगा. आणि त्यांच्यापासून दोन हातांवर गोपिकाबाई आणि लतिका, बाप का आला नाही म्हणून शोधायला आलेल्या. भर उन्हात, पावडर नाही, काही नाही. संपलं सगळं, त्यांना वाटलं. स्थळ गेलं. आता खोटं बोलण्याचीही सोय राहिली नव्हती.

तेवढ्यात लतिकेची नजर त्यांच्यावर पडली. आधी तिचा विश्वास बसला नाही, मग तिने कपाळावर हात मारला, आणि मग ती हसायला लागली. नानाजी येऊन गेल्यापासून ती घरात हसलीच नव्हती, हे मनोहररावांना त्या क्षणी कळलं. ती मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती आणि ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. एवढी देखणी मुलगी आपली, आणि आपण तिला अमोनिया फासायला निघालो होतो!

"बोला काका," पुढाऱ्याने भोंगा त्यांच्या तोंडाशी धरला, "यंदा मारबतीनं अजून काय घेऊन जावं?"

मनोहररावांनी भोंगा दोन्ही हातांनी धरला.

"गोऱ्या रंगाच्या खुळाले!"

चौकात जमलेलं सगळं नागपूर. त्यातले बहुतेक उन्हात रापलेले, काळे, सावळे, निमगोरे. प्रत्येकाच्या घरी कुणाला तरी कधी तरी कुणी तरी रंगावरून बोललेलं. असा आवाज उठला, की गाडीचे बैल बिचकले. "घेऊन जाय गे मारबत!" आणि ओट्यावर भागीरथाबाई दोन्ही हात वर करून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या.

बिचकलेल्या बैलांनी गाडीला झटका दिला. मनोहरराव खाली कोसळणार, एवढ्यात पांढऱ्या बुशशर्टवाला मुलगा गर्दीतून वाट काढत आला, गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढला आणि त्याने होणाऱ्या सासऱ्याला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. वाडीच्या गोदामात हमाल कमी पडले तर मॅनेजरही हात लावत असावा. त्याने त्यांना आणून ओट्यावर ठेवलं.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मग परक्याच्या ओट्यावरच झाला. मनोहररावांनी गळ्यातली पाटी काढली आणि हात जोडले.

"रुपराव, मी नानाजीजवळ खोटं बोललो. पोरगी माही सावळी आहे. ही पाहा. मी तिले उजळवाले गेलो अन् मीच असा झालो. आता तुमी जे म्हनाल ते."

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. भागीरथाबाई स्वतः काळ्या जमिनीच्या रंगाच्या होत्या. त्या लतिकेकडे आणि मग मनोहररावांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"इवाई," त्या म्हणाल्या, "पोरगी उजळ हाय का, हे इचाराची रीतच हाय बापा. माह्या सासूनं बी इचारलं होतं. अन् माहा बाप बी 'हाय नं' म्हने!"

रुपराव एवढे हसले की त्यांची टोपी पडली. "मी फसलो नं मंग," ते म्हणाले, "अजून फसूनच राहिलो!" गोपिकाबाई तर 'इवाई' या शब्दावरच अडकल्या होत्या. पोरीला नीट पाहण्याच्या आधीच बाईने व्याही म्हणून टाकलं होतं.

हसण्याच्या भरात भागीरथाबाईंचं लक्ष मुलाकडे गेलं. सासऱ्याला उतरवताना घामात भिजलेली हळद रविंद्रच्या गालाला आणि शर्टाच्या कॉलरला चांगली लागली होती. "पाह्य कसा झाला!" म्हणत त्यांनी पदराचं टोक पुढे केलं.

"मामी," लतिका हळूच म्हणाली. तिने रविंद्रकडे एकदा पाहिलं, मग खाली पाहिलं. "पुसू नका. राहू द्या."

रविंद्रचा दुसरा गाल हळद न लागताच लाल झाला. गोपिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. एकट्या मनोहररावांनाच काही उमगलं नाही.

"काहून?" त्यांनी विचारलं. "पुसू दे नं. काहून राहू द्याचं?"

"हळद लागली नं पोराले!" गोपिकाबाई म्हणाल्या. "उठा आता अन् पेढे आना. अन् तोंडाले काही बांधू नका, असेच जा."